कल्ले उघडून

दोन महिने मी तक्ता करत होतो.
एका रकान्यात ग्राफिक्स कार्ड, एकात रॅम,
एकात बॅटरी किती तास टिकते ते,
आणि शेवटी, अगदी अरुंद रकान्यात, किंमत.
तो रकाना मी मिटून ठेवायचो,
स्वतःपासूनच.

आईनं तक्ता पाहिला. म्हणाली,
"सुरेख आहे, रुसबेल. यात वजन कुठाय?"

विल्सन रस्त्यावरच्या गाळ्यांत शिरलो तेव्हा दहा वाजले होते.
पहाटे तीनपासून ती मासळीबाजारात उभी,
नखांत अजून बोनितोचे खवले.
बाहेर लिमाचं जुलैमधलं आभाळ, न वाळलेल्या फडक्यासारखं.
आत प्रत्येक गाळ्यात
लाल, हिरवे, जांभळे लुकलुकणारे कीबोर्ड.
"हे दिवे कशाला?"
"अंधारात अभ्यास करायला," मी म्हणालो.
दुकानदार बाल्दोमेरो खोकला.

पहिला तिनं एका हातावर तोलला. "दोन सातशे."
खाली ठेवला. दुसरा.
"एक चारशे. यात काही नाहीच."
बाल्दोमेरोनं खोक्यावरचा आकडा वाचला,
मग तिच्याकडे पाहिलं,
मग स्वतःच्या हाताकडे.

मी बोलत सुटलो होतो:
आई, मला जमिनीची मोजणी शिकायचीय,
डोंगराचे उतार, त्रिमितीत,
साध्या मशीनवर डोंगर चढतच नाही, अर्ध्यात बसतो.
हे खरं होतं. साठ टक्के खरं.
उरलेल्या चाळिसांत माझी टोळी होती,
चिक्लायोचे दोघे भाऊ, अरेकिपाची यादिरा,
रोज रात्री माझ्यासाठी थांबणारी.
आणि माझ्या जुन्या मशीनवर दरवाजा उघडेपर्यंत
मी आतल्या आत मेलेला असायचो.

"पातळ घेतलात तर खेळताना तापतो,"
बाल्दोमेरो म्हणाला, आणि जीभ चावली.
"म्हणजे, डोंगर फिरवताना."
आईनं ताकाला तूर लागू दिली नाही.
"आणि हा जाडा?"
"राक्षस आहे, बाई. पण दोन तासांत बॅटरी झोपते,
आणि पंखा असा, की मास्तर शिकवायचे थांबतील."
वर्गात चाळीस मुलं, तीन प्लग.
हे मी तक्त्यात लिहिलंच नव्हतं.

तिसरा उचलला. काळा, साधा, दिवे फक्त पांढरे.
"दोन तीनशे," ती म्हणाली. "उघड याला."
"बाई, नवा माल असा उघडत नाहीत."
"आम्ही कल्ले उघडून दाखवतो. मासाही नवाच असतो."

त्यानं स्क्रू काढले, नाइलाजानं, एकेक.
ती वाकली. डोळ्यांत तेच भाव
जे पहाटे पेटीवर झुकताना असतात.
"ही खाच रिकामी का?"
"पुढं पैसे आले की इथं आणखी रॅम बसते."
बराच वेळ ती त्या बोटभर पोकळीकडे बघत राहिली.
"हातचं राखून केलंय कुणीतरी," ती म्हणाली.
"हाच द्या."

नोटा ओलसर होत्या, मिठाच्या वासाच्या.
घासाघीस मी लिहीत नाही. बाल्दोमेरोची अब्रू आहे.
माऊस फुकट मिळाला.

परतताना बसमध्ये खोकं तिच्याच मांडीवर.
"तू जन्मलास तेव्हा याहून हलका होतास.
दोन शंभर.
आवाज मात्र जाड्या मशीनचा."

रात्री मी गेम उतरवायला लावला.
आमचं नेट असं, की पडद्यावर आलं: नऊ तास.
झाकण अर्धवट लावून, वर स्वेटर टाकून झोपलो.

पावणेतीनला ती रबरी बूट घालत होती.
स्वेटर उचलला गेल्याचं मला कळलं. डोळे उघडले नाहीत.
पांढऱ्या उजेडात तिनं बराच वेळ वाचलं,
एक्केचाळीस टक्के, आणि त्याखालचं नावही.

"डोंगर अजून शिजतोय वाटतं," ती म्हणाली,
मला की मशीनला, कळलं नाही.
मग स्वेटर परत टाकला नाही. घडी करून बाजूला ठेवला,
पंख्याला वारा लागावा म्हणून.